अमेरिकेचा इतिहास किती येतो? नागरिकत्वाच्या परीक्षेतून काय कळते आणि काय कळत नाही

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांना जी तोंडी परीक्षा द्यावी लागते, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलली. २० ऑक्टोबर किंवा त्यानंतर ज्यांचा अर्ज दाखल झाला, त्यांना आता १२८ प्रश्नांच्या संचातून २० प्रश्न विचारले जातात आणि त्यांपैकी १२ बरोबर यावे लागतात. त्याआधी अर्ज केलेल्यांना २००८ पासून चालत आलेली जुनी परीक्षाच लागू आहे. तिच्यात १०० प्रश्नांच्या संचातून १० विचारतात आणि ६ बरोबर आले की पुरते. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या बदलाची चर्चा होणे स्वाभाविक आहे. नव्याने नागरिकत्व घेणाऱ्यांत २०२२ साली मेक्सिकोखालोखाल भारतात जन्मलेल्यांचा क्रमांक होता आणि त्या एका आर्थिक वर्षात सुमारे ६६ हजार भारतीय अमेरिकेचे नागरिक झाले.

याच परीक्षेसंबंधी आणखी एक बातमी दर काही वर्षांनी येत असते. खुद्द अमेरिकेत जन्मलेल्या लोकांना हे प्रश्न विचारले, तर त्यांतले बहुसंख्य नापास होतात, अशी ती बातमी. ती वाचून कोणी अमेरिकनांच्या अज्ञानाला हसतो, कोणी आपल्या नातेवाइकांच्या हुशारीचे कौतुक करतो, तर कोणी असे प्रश्न ठेवलेच कशाला म्हणून परीक्षेला नावे ठेवतो. या तिन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे ही परीक्षा अमेरिकेच्या इतिहासाचे ज्ञान मोजते. ती समजूत बरोबर नाही, असे मला वाटते, आणि त्याची कारणे परीक्षेच्या रचनेतच सापडतात.

परीक्षा प्रत्यक्षात कशी होते

कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळून सामान्यतः पाच वर्षे झाल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. अमेरिकन नागरिकाशी विवाह झालेला असेल आणि दोघे एकत्र राहत असतील, तर तीन वर्षांनी. अर्जाचा नमुना 'एन-४००' या नावाने ओळखला जातो आणि २०२४ पासून त्याचे शुल्क कागदी अर्जासाठी ७६० डॉलर व ऑनलाइन अर्जासाठी ७१० डॉलर आहे. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी झाल्यावर अर्जदाराला मुलाखतीसाठी बोलावतात आणि परीक्षा त्या मुलाखतीतच उरकली जाते.

तिचे दोन भाग असतात. पहिला इंग्रजीचा: तीन वाक्यांपैकी एक नीट वाचता आले पाहिजे, तीनपैकी एक ऐकून लिहिता आले पाहिजे, आणि बोलता येते की नाही हे अधिकारी अर्जाविषयी जे प्रश्न विचारतो त्यांच्या उत्तरांवरूनच ठरते. दुसरा भाग इतिहास आणि राज्यव्यवस्थेचा. महाराष्ट्रातल्या शाळांत इतिहास व नागरिकशास्त्र यांचे पुस्तक एकत्र असे, तसाच हा विषय समजावा. प्रश्न तोंडी असतात, पर्याय दिलेले नसतात, उत्तरही तोंडीच द्यायचे असते. नव्या परीक्षेत १२ उत्तरे बरोबर आली की अधिकारी थांबतो. ९ चुकली तरी थांबतो, कारण मग उत्तीर्ण होणे शक्यच नसते. जो भाग चुकला, तेवढ्यापुरती आणखी एक संधी ६० ते ९० दिवसांच्या आत मिळते. दुसऱ्यांदाही जमले नाही, तर अर्ज नामंजूर होतो आणि पुन्हा शुल्क भरून नव्याने सुरुवात करावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की संपूर्ण प्रश्नसंच आणि ग्राह्य उत्तरे सरकारच्या संकेतस्थळावर आधीच जाहीर केलेली असतात. अर्जदारांपैकी दहातले जवळपास नऊ जण पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होतात, यामागचे मुख्य कारण हेच आहे.

नवी परीक्षा खरोखरच अवघड झाली आहे का?

उत्तीर्ण होण्यासाठी लागणाऱ्या बरोबर उत्तरांचे प्रमाण दोन्ही परीक्षांत सारखेच, म्हणजे ६० टक्के आहे. फरक प्रश्नांच्या संख्येत आहे, आणि त्याचा परिणाम अनेकांच्या अंदाजाच्या उलट होतो. प्रश्न कमी असले की नशिबाचा वाटा वाढतो. समजा, एखाद्याला संचातले बरोबर निम्मे प्रश्न येतात. जुन्या परीक्षेत त्याच्या वाट्याला दहापैकी किमान सहा ओळखीचे प्रश्न येण्याची शक्यता एक तृतीयांशाहून थोडी अधिक होती; नव्या परीक्षेत वीसपैकी किमान बारा ओळखीचे येण्याची शक्यता पाव हिश्श्याहूनही कमी भरते. याउलट ज्याला संचातले ७० टक्के प्रश्न येतात, त्याची उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या आसपास जाते. अर्धवट तयारी करून नशिबावर हवाला ठेवणाऱ्याला नवी परीक्षा कडक आहे आणि नीट तयारी केलेल्याला ती किंचित मऊच आहे. पाठ करायचा मजकूर वाढला, ही तक्रार मात्र रास्त आहे.

'इतिहासाची परीक्षा' हे वर्णनही अर्धेच खरे आहे. जुन्या संचातल्या १०० प्रश्नांपैकी ५७ राज्यव्यवस्थेचे होते, इतिहासाचे अवघे ३०, आणि उरलेले १३ भूगोल, राष्ट्रीय चिन्हे व सुट्ट्यांचे. नव्या १२८ प्रश्नांत राज्यव्यवस्थेचे ७२, इतिहासाचे ४६ आणि चिन्हे व सुट्ट्यांचे १० आहेत. भूगोलाचा स्वतंत्र विभाग गेला. सिनेटर किती, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, राज्यघटनेत दुरुस्त्या किती झाल्या, असे प्रश्न दोन्हीकडे अधिक.

आईवडिलांना ही परीक्षा मराठीत देता येते का?

मुलामुलींनी बोलावून घेतलेल्या आणि उतारवयात अमेरिकेत स्थायिक झालेल्या आईवडिलांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास निघतो. वय ५० पूर्ण आणि ग्रीन कार्डावर २० वर्षे वास्तव्य, किंवा वय ५५ पूर्ण आणि १५ वर्षे वास्तव्य, अशी अट पूर्ण होत असेल, तर इंग्रजीचा भाग माफ होतो. इतिहास व नागरिकशास्त्राचा भाग माफ होत नाही, परंतु तो आपल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, दुभाष्याच्या मदतीने देता येतो. वय ६५ पूर्ण आणि वास्तव्य २० वर्षांचे असेल, तर प्रश्नसंचही लहान होतो: फक्त २० प्रश्न अभ्यासायचे, त्यांतले १० विचारतात आणि ६ बरोबर आले की झाले. ही सवलत नव्या पद्धतीतही कायम आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे शिकणे व लक्षात ठेवणेच अशक्य असेल, तर डॉक्टरांनी भरून दिलेल्या स्वतंत्र नमुन्याच्या आधारे परीक्षेतूनच सूट मागता येते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. या सवलतींमध्ये वयाइतकेच ग्रीन कार्डावरच्या वर्षांना महत्त्व आहे. सत्तराव्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालेल्या आजोबांना पाच वर्षांनी अर्ज करताना वयाच्या कारणाने यांतली कोणतीही सूट मिळत नाही, आणि त्यांना इंग्रजी वाक्य वाचून व लिहून दाखवावेच लागते.

ही परीक्षा आली कोठून?

नागरिकत्वाचा पहिला अमेरिकन कायदा १७९० सालचा. त्यात इतिहासाच्या ज्ञानाचा उल्लेख नव्हता; अट होती ती दोन वर्षांच्या वास्तव्याची, चांगल्या वर्तनाची आणि 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असण्याची. वास्तव्याची मुदत १८०२ साली पाच वर्षांवर स्थिरावली. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, आशियातल्या लोकांना मात्र नाही. इंग्रजी बोलता येण्याची अट १९०६ च्या कायद्याने आली. त्या काळी नागरिकत्व न्यायालयात मिळत असे, आणि अर्जदाराला राज्यघटनेबद्दल काय विचारायचे, हे बरेचसे समोरच्या न्यायाधीशावर व तपासनिसावर अवलंबून असे. इतिहास व शासनपद्धतीचे ज्ञान ही स्पष्ट कायदेशीर अट १९५० साली, शीतयुद्धाच्या भीतीच्या वातावरणात, अंतर्गत सुरक्षेच्या कायद्यातून आली आणि १९५२ च्या कायद्यात कायम झाली. देशभर एकाच पद्धतीने प्रश्न विचारले जावेत, म्हणून परीक्षेची नव्याने आखणी होऊन ती अमलात यायला २००८ साल उजाडले.

भारतीयांच्या दृष्टीने पाहिले, तर हा क्रम अधिकच बोलका आहे. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, तरीही १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' ठरत नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. पंडित १९१४ सालीच नागरिक झाले होते. थिंद निकालानंतर सरकारने अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याचा सपाटा लावला, तेव्हा पंडितांवरही खटला भरला गेला. पंडितांनी तो लढवला आणि ते जिंकले. इतर भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ साली मिळाला आणि वंशाची अट कायद्यातून १९५२ साली पूर्णपणे गेली. म्हणजे वंशाची अट गेली आणि इतिहासाची अट कायम झाली, हे दोन्ही एकाच कायद्यात घडले. १९२३ साली एखाद्या भारतीयाला अमेरिकेचा इतिहास मुखोद्गत असता, तरी त्याचा काही उपयोग झाला नसता.

बरोबर उत्तर कोण ठरवते?

संचातली बहुतेक उत्तरे निर्विवाद आहेत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी स्वीकारला गेला, राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली, ध्वजावरचे १३ पट्टे म्हणजे मूळच्या १३ वसाहती. यांवर कोणी वाद घालणार नाही. अडचण येते ती 'का' विचारणाऱ्या मोजक्या प्रश्नांपाशी.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाला कारणीभूत ठरलेली एक समस्या सांगा, असा एक प्रश्न २००८ च्या संचात आहे. ग्राह्य उत्तरे तीन: गुलामगिरी, आर्थिक कारणे, राज्यांचे अधिकार. तिन्हींपैकी कोणतेही सांगितले तरी गुण मिळतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की तिन्ही कारणे सारख्याच वजनाची होती. दक्षिणेकडच्या राज्यांनी फुटून निघताना स्वतः काय लिहून ठेवले, ते पाहिले तर चित्र वेगळे दिसते. मिसिसिपीने जानेवारी १८६१ मधल्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे सुरुवातीलाच सांगून टाकले. फुटीर राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये सव्हाना येथे केलेल्या भाषणात, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या समजुतीवरच आपल्या नव्या सरकारचा पाया उभा असल्याचे सांगितले. राज्यांच्या अधिकारांचे म्हणाल, तर पळून आलेले गुलाम परत पाठवण्याचा कायदा उत्तरेची राज्ये नीट पाळत नाहीत, अशी दक्षिणेचीच तक्रार होती. म्हणजे त्या मुद्द्यावर राज्यांना स्वतःच्या मर्जीने वागू द्यावे, असे दक्षिणेला वाटत नव्हते. आर्थिक कारण पुढे करावे, तर ते अर्थकारण उभे होते ते गुलामांच्या श्रमावर. उरलेली दोन उत्तरे अशी पहिल्या उत्तरातच येऊन मिळतात.

पुण्यात बसलेल्या जोतीराव फुले यांना हे युद्ध संपल्यानंतर आठच वर्षांनी नेमके कळले होते. १८७३ साली त्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी निरपेक्षपणे व परोपकारबुद्धीने काम केले, त्यांना अर्पण केले. परीक्षेतल्या तीन पर्यायांपैकी कोणता निवडावा, असा प्रश्न त्यांना पडला नसता.

कोणते प्रश्न गाळले आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वी तिथे कोण राहत होते, आफ्रिकेतून आणून कोणाला गुलाम म्हणून विकले, हे प्रश्न २००८ च्या संचात आहेत. परंतु १८३० च्या दशकात मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हाकलले गेले, १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली, १९४२ पासून जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले गेले, यांविषयी तिथे एकही प्रश्न नाही. प्रश्नसंच हा शासनाने केलेला निवडक इतिहास आहे आणि तो सरकारगणिक बदलूही शकतो. डिसेंबर २०२० मध्ये १२८ प्रश्नांची पहिली आवृत्ती लागू झाली, तेव्हा सिनेटर कोणाचे प्रतिनिधित्व करतो, या प्रश्नाचे उत्तर 'राज्यातील सर्व लोकांचे' याऐवजी 'राज्यातील नागरिकांचे' असे केले गेले आणि त्यावरून बरीच टीका झाली. नवे सरकार येताच, २०२१ च्या सुरुवातीला, ती आवृत्ती मागे घेतली गेली. आत्ताची परीक्षा तिच्यावरच बेतलेली आहे.

मग जन्माने अमेरिकन असलेले नापास कसे होतात?

२०१८ साली वुड्रो विल्सन नॅशनल फेलोशिप फाउंडेशन या संस्थेने सुमारे एक हजार अमेरिकनांना नागरिकत्वाच्या परीक्षेतल्या प्रश्नांवर आधारलेली चाचणी दिली. ६० टक्क्यांची मर्यादा लावली असता केवळ ३६ टक्के लोक उत्तीर्ण झाले. मूळच्या १३ वसाहती कोणत्या, हे बहुसंख्यांना ओळखता आले नाही, आणि विजेचा दिवा बेंजामिन फ्रँकलिनने शोधला असे मानणारेही पुष्कळ निघाले.

हा आकडा परीक्षा देणाऱ्या स्थलांतरितांच्या आकड्याशेजारी ठेवण्याचा मोह होतो, परंतु दोन्ही गटांची परिस्थिती सारखी नव्हती. सर्वेक्षणातल्या माणसाला पर्याय दिले होते, पण प्रश्न आधी माहीत नव्हते आणि उत्तर चुकले तर त्याचे काहीही बिघडणार नव्हते. अर्जदाराला पर्याय मिळत नाहीत, पण प्रश्न व उत्तरे महिनोन् महिने त्याच्या उशाशी असतात आणि निकालावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. आपल्याकडे वाहन चालवण्याच्या शिकाऊ परवान्यासाठी आरटीओची लेखी चाचणी असते, तसाच हा प्रकार आहे. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्याला अचानक ती चाचणी दिली, तर कितीतरी चिन्हांवर तो अडखळेल, आणि कालच पुस्तिका वाचलेला मुलगा फटाफट उत्तरे देईल. त्यावरून गाडी कोण चांगली चालवतो हे ठरत नाही. नागरिक झालेल्या स्थलांतरितांना पाच वर्षांनी पूर्वसूचना न देता हेच प्रश्न विचारले, तर त्यांचाही निकाल बराच खाली येईल, असा माझा अंदाज आहे.

ॲरिझोनाने २०१५ साली उलट दिशेने पाऊल टाकले. नागरिकत्वाच्या परीक्षेतल्या प्रश्नांवर आधारलेली चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज शालान्त पदविका नाही, असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले, आणि पुढे अनेक राज्यांनी तसेच काहीसे नियम केले. आधी सांगून घेतलेल्या अशा परीक्षेत मुले उत्तीर्ण होतात, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

आधीच्या पिढ्यांना अधिक येत होते का?

२०१८ च्या चाचणीत ६५ वर्षांवरचे ७४ टक्के लोक उत्तीर्ण झाले आणि पंचेचाळिशीच्या आतले अवघे १९ टक्के. त्यावरून 'पूर्वीच्या शाळा चांगल्या होत्या' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. परंतु ज्येष्ठांनी अध्यक्ष आयझेनहॉवर, शीतयुद्ध आणि नागरी हक्कांची चळवळ पुस्तकात वाचली नाही, ते त्या काळात जगले. तरुणांची आणि त्यांची तुलना करायची, तर ज्येष्ठ स्वतः विद्यार्थी असताना त्यांना काय येत होते, हे पाहावे लागेल. आणि विद्यार्थ्यांच्या अशा जुन्या चाचण्यांचा अनुभव निराळे सांगतो.

टेक्सासमधल्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांची इतिहासातील तथ्यांवर घेतलेली चाचणी १९१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा माध्यमिक शाळांतल्या मुलांची सरासरी ३३ टक्के निघाली होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन आणि यादवी युद्धात फुटीर दक्षिणेचे अध्यक्ष असलेले जेफरसन डेव्हिस यांच्यात मुलांचा गोंधळ होत होता. १९४३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ३६ महाविद्यालयांतल्या सुमारे सात हजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले. १३ वसाहतींची नावे त्यांतल्या केवळ ६ टक्क्यांना सांगता आली. महायुद्ध ऐन भरात असताना हा निकाल छापून आला आणि मोठी खळबळ उडाली. त्या कामासाठी वृत्तपत्राला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकही मिळाले. 'आजच्या मुलांना इतिहास येत नाही' ही तक्रार शंभर वर्षे जुनी आहे. ती करणारी प्रत्येक पिढी आधीच्या पिढीकडून तीच ऐकून घेत मोठी झाली.

शाळकरी मुलांचे खरे मोजमाप कसे होते?

अमेरिकी सरकार आठवीच्या विद्यार्थ्यांची इतिहासाची चाचणी ठराविक वर्षांनी घेते. 'देशाचे प्रगतिपुस्तक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनाचा तो भाग आहे. देशभरातून निवडलेल्या मुलांच्या नमुन्यावर ही चाचणी होते; एका मुलाला एकूण प्रश्नांपैकी थोडेच सोडवायचे असतात आणि कोणालाही वैयक्तिक गुण मिळत नाहीत. प्रश्न आधी जाहीर नसल्यामुळे घोकंपट्टीला वाव नसतो. इतिहासाचे ज्ञान मोजण्याच्या दृष्टीने हे साधन नागरिकत्वाच्या परीक्षेपेक्षा कितीतरी भरवशाचे आहे.

२०२२ साली या चाचणीची सरासरी ५०० च्या मापावर २५८ आली. २०१४ साली ती २६७ होती. ही घसरण मात्र खरी आहे, आणि महासाथीच्या आधीच सुरू झालेली असल्यामुळे सगळा दोष बंद शाळांवर टाकता येत नाही. केवळ १३ टक्के मुले 'प्रवीण' पातळीवर पोहोचली, असेही तेव्हा छापून आले आणि त्याचा अर्थ ८७ टक्के नापास असा लावला गेला. तो चुकीचा आहे. 'प्रवीण' ही पातळी मुद्दाम उंच ठेवलेली असते, तिला उत्तीर्ण होण्याची रेषा समजू नये. काळजीचा आकडा दुसरा आहे: ४० टक्के मुले 'मूलभूत' पातळीच्याही खाली होती.

पाठांतर करून नागरिक होण्याला काय अर्थ?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. तरीही उघड प्रश्नसंचाची बाजू मांडली पाहिजे, कारण ज्ञानाची 'खरी' परीक्षा घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याच्या हाती दिला की काय होते, याचा धडा अमेरिकेच्या इतिहासातच आहे. दक्षिणेच्या अनेक राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी साक्षरतेची चाचणी द्यावी लागे. मिसिसिपीत राज्यघटनेतले एखादे कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि तो बरोबर आहे की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवी. कलम कोणते द्यायचे, हेही त्याच्याच मर्जीवर असे. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम आणि काळ्या अर्जदाराला क्लिष्ट कलम देऊन शिकल्यासवरलेल्या काळ्या माणसांनाही नापास केले जाई. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने अशा राज्यांतल्या चाचण्या थांबवल्या, १९७० साली ती बंदी देशभर लागू झाली आणि १९७५ साली कायमची झाली.

नागरिकत्वाच्या परीक्षेत अधिकाऱ्याला स्वतःचे प्रश्न विचारता येत नाहीत आणि छापलेले उत्तर नाकारता येत नाही. तिच्यातून सखोल ज्ञान कळत नाही, हे खरे. पण मनमानीला वाव कमी राहतो, आणि ज्या परीक्षेवर माणसाचे नागरिकत्व अवलंबून आहे, तिच्यात मला ही गोष्ट सखोलतेपेक्षा महत्त्वाची वाटते.

स्वतःला अजमावून पाहायचे असेल तर

अमेरिकेतल्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन दर्जाची 'एपी' परीक्षा असते. तिच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असतो की विद्यार्थ्याला सात मूळ कागदपत्रे, म्हणजे पत्रे, भाषणे, व्यंगचित्रे वगैरे, दिली जातात आणि तासाभरात ती वाचून त्यांच्या आधारे स्वतःचे म्हणणे मांडायचे असते. सन किंवा नाव आठवणे तिथे पुरत नाही. कागद कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने लिहिला, हे ओळखावे लागते. इतिहास येतो की नाही, हे तपासण्याची ही अधिक योग्य रीत आहे, आणि नागरिकत्वाच्या साध्या प्रश्नांनाही ती लावून पाहता येते.

अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला, हा प्रश्न घ्या. उत्तर एका शब्दाचे आहे: लुईझियाना. आता पुढचे विचारा. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा, सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा, देशाचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट करणारा हा मुलूख नेपोलियनने दीड कोटी डॉलरना का विकला? आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत गुलामांनी केलेला उठाव आणि पीतज्वर यांत त्याची फौज संपली होती, त्या वसाहतीवाचून लुईझियानाचा त्याला फारसा उपयोग उरला नव्हता, आणि ब्रिटनशी पुन्हा युद्ध जुंपण्याच्या बेतात असल्याने पैसा हवा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. युद्धाला तोंड फुटले तेव्हा शिंद्यांच्या उत्तरेकडील कवायती फौजा पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली होत्या आणि तिथल्या फ्रेंच प्रभावाचा धसका हे इंग्रजांच्या त्या मोहिमेमागचे एक कारण होते. लुईझियानाचा करार आणि असईची लढाई या दोन्ही घटनांवर ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या वैराची छाया आहे. फ्रान्सने विकलेल्या त्या मुलखाच्या फार मोठ्या भागात प्रत्यक्षात मूळ रहिवाशांची राष्ट्रे नांदत होती, आणि त्यांच्याकडून ती भूमी मिळवण्यासाठी अमेरिकेला पुढची कित्येक दशके तह आणि लढाया कराव्या लागल्या, हेही या एका शब्दाच्या उत्तरात दडलेले आहे.

मुलाखतीला बसलेल्या अर्जदाराने यातले काही सांगत बसू नये. त्याने 'लुईझियाना' म्हणावे आणि पुढच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे.